वावर सावकाराच्या नावावर, सावकार मंडळीचा खजिनदार

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २६ वर्षांच्या एका बहिणीनं लिहिलं आहे. गावात ख्रिस्ती घरं तीसेक. मंडळीचे (म्हणजे गावातल्या चर्चचे) खजिनदार शेतीसोबत व्याजानं पैसेही देतात, परवाना नाही. शेजारच्या एका विधवा काकूंनी (त्या मंडळीतल्या नाहीत) तीन वर्षांपूर्वी मुलाच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडून ६०,००० रुपये घेतले, महिना शेकडा पाचनं. तारण म्हणून दोन एकर वावराची ‘नावापुरती’ खरेदी करून दिली. फेरफार होऊन सातबाऱ्यावर खजिनदारांचं नावही लागलं. वहिती मात्र अजून काकूंचीच, आणि महिन्याला ३,००० रुपये व्याज त्या भरत आल्या आहेत. आता खजिनदार म्हणतात, मुद्दल तसंच बाकी आहे, पाडव्यापासून वावर मीच वाहणार. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “१ करिंथ ६ वाच. भावाला कोर्टात नेऊ नये. प्रार्थना कर, न्याय देवावर सोपव.” बहिणीचे वडील याच खजिनदारांकडे सालदार (वर्षाच्या करारावर शेतगडी) आहेत आणि उपासनामंदिराच्या पत्र्यांचा निम्मा खर्चही त्यांनीच दिलेला. “आपण गावात मूठभर. घरातलं चव्हाट्यावर आणलं तर तोंड कसं दाखवायचं? मी शांती राखू की न्यायासाठी बोलू?”

ताई,

आधी हिशेब करू, वचनं नंतर.

महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. ३,००० रुपये गुणिले ३६ महिने म्हणजे काकूंनी आजवर १,०८,००० रुपये दिले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना असलेल्या सावकारालाही किती व्याज घेता येतं ते शासनानं ठरवून दिलं आहे: शेतीच्या तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के, बिनतारणीला १२, बाकी कामाच्या तारणी कर्जाला १५, बिनतारणीला १८. चक्रवाढ चालत नाही. काकूंचं कर्ज दवाखान्यासाठी आणि तारणी, म्हणून १५ टक्के धरा. ६०,००० वर वर्षाचे ९,०००, तीन वर्षांचे २७,०००, मुद्दलासकट ८७,०००. म्हणजे परवानावाल्या सावकाराच्या कमाल दरानंसुद्धा काकू २१,००० रुपये जास्तच देऊन बसल्या आहेत, आणि वरून ऐकतात की मुद्दल तसंच आहे. खजिनदारांकडे तर परवानाच नाही. विनापरवाना सावकारीच्या वसुलीसाठी कोर्ट हुकूमनामा देत नाही, उलट त्या धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

हा हिशेब एका कागदावर मांडून पाळकसाहेबांसमोर ठेवा. ‘अन्याय’ हा शब्द कानावर पडला की माणसं उपदेशाला लागतात. आकडा पुढं आला की निदान कागद हातात घेऊन वाचतात.

आता १ करिंथ ६, म्हणजे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय. पाळकसाहेबांनी वचन खरं दिलं, पण ते लागू होतं का? करिंथच्या मंडळीत विश्वासणारे एकमेकांवर फिर्यादी करत होते, त्यांना पौल म्हणतो की तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का. म्हणजे त्याचं उत्तर ‘गप्प बसा’ हे नाही, ‘आपसात नीट निवाडा करा’ हे आहे. आणि पुढं आठव्या वचनात तो नाडणाऱ्यालाच धरतो: तुम्ही स्वतःच अन्याय करता आणि लुबाडता. तुमच्या मंडळीनं असा निवाडा केला का? कुणाला बोलावलं, कागद पाहिले, खजिनदारांना विचारलं? नसेल, तर या अध्यायाचा अर्धाच भाग पाळला जातोय, तोही नाडला गेलेल्याच्या डोक्यावर. शिवाय काकू मंडळीतल्या नाहीत. मंडळीनं आपल्या माणसाला झाकावं आणि त्याची किंमत बाहेरच्या विधवेनं भरावी, असं या वचनातून कसंही ओढून काढता येत नाही.

दुसरा गाल पुढं करण्याचंही कुणी सांगेल. प्रमुख याजकापुढं शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशूनं विचारलं होतं, मी बरोबर बोललो असेन तर मारतोस का? (योहान १८:२३). फिलिप्पैत फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकारी गुपचूप सोडायला निघाले, तर पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक. त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषित १६:३७). कायद्यानं दिलेला हक्क मागण्यात त्याला काही अविश्वास वाटला नाही. आणि इथं गाल तुमचा नाहीच. दुसऱ्याचा गाल पुढं करायला कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रार्थनेचं म्हणाल तर लूक १८ उघडा. ‘सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये’ हे शिकवायला येशूनं उदाहरण कुणाचं घेतलं? कचेरीच्या खेपा घालणाऱ्या विधवेचं. घरी डोळे मिटून बसलेली बाई त्याला सुचली नाही. पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेबद्दल तर कुणी शंका घेणार नाही. त्यांनी १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात यावर वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला उघड बोल लावला. तेव्हाही ख्रिस्ती मूठभरच होते.

तुमच्या प्रसंगाला सगळ्यात जवळचा अध्याय मात्र जुन्या करारातला नहेम्या ५ आहे, आणि उपदेशात तो क्वचितच येतो. पोटासाठी लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलेली, आणि गहाण घेणारे त्यांचेच भाऊबंद. तिथला अधिकारी नहेम्या चिडला, पण आधी मनाशी विचार केला, मग मोठी सभा भरवली, तोंडावर सांगितलं की शेतं आजच्या आज परत करा, आणि याजकांना बोलावून त्यांच्यासमोर शपथ घ्यायला लावली. दहावं वचन नीट वाचा. तो म्हणतो, मी, माझे भाऊ आणि माझे चाकरही कर्जानं देतो. हे आता सोडू या. स्वतःला त्यानं वगळलं नाही.

म्हणून तुमच्या मंदिराच्या पत्र्यांचा विषय मला टाळता येत नाही. ज्या हातानं व्याज आलं त्याच हातानं देणगी आली, ती तुम्ही सगळ्यांनी घेतली, आणि आता त्याच देणगीचं ओझं पाळकसाहेबांच्या जिभेवर आहे. ते भित्रे आहेत असं लगेच ठरवू नका. त्यांचं महिन्याचं मानधनही बहुधा खजिनदाराच्याच सहीनं निघत असेल. मंडळीनं निदान एवढं करावं: हे प्रकरण मिटेपर्यंत त्यांनी खजिनदारकीवरून बाजूला व्हावं, असा ठराव समितीच्या वहीत लिहावा. गुन्हेगार ठरवायचं म्हणून नाही. वाद ज्याच्यावर आहे त्याच्या हाती पेटी नको म्हणून. समिती ऐकत नसेल तर मंडळीच्या वरच्या पातळीला, डायोसीस असो की परिषद, लेखी कळवा. तोंडी निरोप वाटेतच विरतात.

खजिनदारांबद्दलही एक सांगायला हवं. तुमच्या पत्रात ते अगदी काळे रंगवलेत. मुलाला दवाखान्यात न्यायचं होतं त्या रात्री बँक बंद होती आणि पैसे त्यांनीच दिले, हेही खरं आहे. म्हणूनच माणसं त्यांच्या विरोधात बोलत नाहीत. उद्या पुन्हा तेच दार ठोठवावं लागेल हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा न्यायाचं काम फक्त तक्रारीवर संपत नाही. गावात ‘उमेद’चे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) बचत गट चालत असतील तर काकूंना, तुमच्या आईला त्यात आणा, गटाचं अंतर्गत कर्ज सावकाराच्या दरापुढं फारच स्वस्त पडतं. मंडळीनं आजारपणासाठी छोटा मदतफंड काढावा, पण तो मदत म्हणून किंवा बिनव्याजी. फंडातून व्याजानं पैसे फिरवायला लागलात तर उद्या मंडळीच सावकार होऊन बसेल.

आणि गावात तोंड कसं दाखवायचं? सातबारा बदलला तेव्हाच गावानं तो वाचला. कोण कुणाचं वावर कशापायी लिहून घेतो हे धुऱ्याला धुरा लागून असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. गावाला अजून माहीत नाही ते एवढंच, की मंडळी यावर काय करते.

आता कामाचं. पाडव्याला किती दिवस उरलेत त्यावर क्रम ठरेल, पण पहिली पायरी बदलत नाही: काकूंना विचारा. तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि त्यांना काय हवंय याबद्दल एक ओळ नाही. त्यांना बहुधा वावर परत हवं असेल, कुणी तुरुंगात जावं असं नसेल. कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली चौकशी होऊन, खरेदी ही कर्जाचं तारण होती असं सिद्ध झालं, तर जिल्हा निबंधक ती खरेदी रद्दबातल ठरवून जमीन परत देण्याचा आदेश करू शकतात. विनापरवाना सावकारीचा गुन्हा हा वेगळा भाग, आणि तो एकदा सुरू झाला की काकूंनी ‘मिटलं’ म्हटल्यानं थांबेलच असं नाही. हे त्यांना अर्ज करण्याआधी सांगायला हवं. सही त्यांची, निर्णयही त्यांचा. आणखी एक: या मदतीला प्रार्थनासभेचं आमंत्रण जोडू नका. त्या आपणहून आल्या तर आल्या.

मग कागद, आणि ते गाजावाजा न करता. इथं मत्तय १८ शी अडखळायला होतं, हे मान्य. ‘आधी एकांतात जाऊन त्याचा अपराध दाखव’ असं तिथं आहे. पण ते वचन दोन भावांतल्या अपराधाबद्दल आहे. सगळे कागद हाती असलेल्या धनकोपुढं कर्जदार बाईनं एकटं जावं असं त्यात नाही. आणि व्यवहारात होतं असं की आधी बोललं की दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या, कोरे चेक, सही केलेले स्टॅम्प घरातून नाहीसे होतात. निबंधकांना घरझडतीचा अधिकार आहे, पण रिकाम्या कपाटाची झडती काय कामाची? म्हणून कागद आधी, बोलणं नंतर. ही फसवणूक नव्हे.

जमवायचं ते असं. दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित नक्कल आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा. इंडेक्स टूवर मोबदला आणि बाजारभाव शेजारी शेजारी असतात. दोन एकराचा मोबदला ६०,००० च्या आसपास आणि बाजारभाव काही लाख दिसला तर तोच मोठा पुरावा. मोबदला पूर्ण लिहून ‘रोख दिला’ असं असेल, तर काकूंच्या पासबुकात त्या तारखेला काय आहे ते पाहा. तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल, खरेदीच्या आधीचा आणि नंतरचा सातबारा. आधीच्या सातबाऱ्यावर मुलांची नावं होती का आणि सही फक्त काकूंची आहे का, हे वकिलाला मुद्दाम दाखवा. काकू आदिवासी असतील तर बिगरआदिवासीच्या नावे जमीन करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती नसेल तर खरेदी तिथंच अडखळते.

त्यानंतर वहितीचा पुरावा, कारण खरेदी खरी असती तर विकणारा तीन वर्षं त्याच वावरात पऱ्हाटी कशाला लावेल? कृषी केंद्राची बियाणं-खताची बिलं, कापूस-तूर विकल्याच्या काटापट्ट्या, धुऱ्याच्या दोन शेजाऱ्यांचं लेखी म्हणणं. व्याज फोनवरून भरलं असेल तर ते व्यवहार बँकेतून छापून घ्या. रोख दिलं असेल तर कोणत्या महिन्यात किती, कुणासमोर, हे काकूंना आठवेल तसं लिहून काढा. जे आठवत नाही तिथं ‘आठवत नाही’ असंच लिहा. फुगवलेला एक आकडा उलटतपासणीत पकडला गेला की बाकीचे खरेही पडतात, आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा चांगल्या कामालाही लागू आहे.

बरेच अर्ज पडतात ते याच जागी: एकाला एकदा दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे. ‘धंदा’ दिसला पाहिजे. खजिनदार म्हणतील, शेजारधर्म म्हणून दिले होते, जमीन नंतर विकत घेतली. त्याला उत्तर म्हणजे आणखी दोन-तीन कर्जदारांची निवेदनं, शक्यतो अशाच ‘नावापुरत्या’ खरेदीची. पुढं यायला ते घाबरतील. जबरदस्ती करू नका, पण ज्यांचं कर्ज फिटलंय ते बऱ्याचदा बोलतात.

अर्ज साध्या कागदावर चालतो. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था, किंवा यवतमाळला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. सावकारीचे निबंधक तेच. कोणी, कधी, किती, कोणत्या व्याजानं, तारण काय, आजवर भरलं किती, आणि मागणी काय, एवढंच दीड-दोन पानांत. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. निनावी अर्ज करू नका. चौकशीत उभं राहणारं कुणी नसलं की फाईल झोपते. मागं किती वर्षांपर्यंतचे व्यवहार उघडता येतात याला कायद्यात मर्यादा आहे. काकूंची तीन वर्षं त्यात बसतात, म्हणून उगाच लांबवू नका. निकाल विरोधात गेला तर अपील महिन्याच्या आत विभागीय सहनिबंधकांकडे, म्हणजे तुमच्यासाठी अमरावतीला. वकिलाचा खर्च ही अडचण नाही: बाईमाणसाला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा.

अर्ज तयार झाला, सही झाली, की मग खजिनदारांकडे जायचं. पाळकसाहेब, दुसऱ्या गावच्या मंडळीतला एक जाणता माणूस, काकू आणि त्यांचा भाऊ. तुम्ही नाही गेलात तरी चालेल. तुमच्या वडिलांची रोजी त्या घरात आहे. हिशेबाचा कागद पुढं ठेवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. पाडवा त्याहून जवळ असेल तर अर्ज आधी देऊन टाका, बोलणं नंतर. ते कबूल झाले तर आनंदच, पण इथंही घसरायला जागा आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून ‘जमीन परत दिली’ असं लिहिल्यानं जमीन परत येत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून खरेदी पलटवून द्यावी लागते, त्यावरून फेरफार मंजूर व्हावा लागतो, आणि हा खर्च खजिनदारांनी उचलावा. कोरे चेक, स्टॅम्प, चिठ्ठ्या त्याच दिवशी हातात. ‘आमचा काही व्यवहारच नव्हता’ अशा कागदावर काकूंचा अंगठा घेऊ देऊ नका. आणि सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत प्रीतिभोज ठेवू नका, एवढी विनंती.

दरम्यान वहिती सोडायची नाही. ते ट्रॅक्टर घेऊन आले तर अंगावर जाऊ नका; व्हिडिओ घ्या, ११२ ला कळवा. पोलीस बहुधा म्हणतील, ही दिवाणी बाब आहे. तेव्हा आवक शिक्क्याची प्रत दाखवून लेखी तक्रार द्या. कर्जदाराला धमकावणं, त्रास देणं हा सावकारी कायद्यातच वेगळा गुन्हा आहे. सोबत दिवाणी कोर्टात मनाई हुकूमासाठी विधी सेवेच्या वकिलाशी पाडव्याच्या आधीच बोलून ठेवा. व्हॉट्सअॅपवर, मंडळीच्या ग्रुपवर तर नाहीच, एक अक्षर टाकू नका. बदनामीची तक्रार होईल आणि मूळ विषय बाजूला पडेल.

वडिलांचं साल पाडव्याला संपतं. त्यांनी उचल किती घेतली, धान्य किती, बाकी किती, हे आजच वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. नेहमीचाच हिशेब आहे, कुणाला शंका येणार नाही. पुढच्या सालासाठी दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याशी आत्ताच बोलणं लावा. आणि हे सगळं त्यांना विचारून करा, त्यांच्यापासून लपवून नाही. ते ‘नको’ म्हणाले तर तुम्ही पडद्यामागं राहून कागद जमवून देऊ शकता. तेही पुरेसं काम आहे.

सुनावणीच्या तारखा पडतात, पुढं ढकलल्या जातात. दोनदा गैरहजर राहिलं की अर्ज निकाली काढायला कारण मिळतं, म्हणून काकूंसोबत महिला मंडळातली एक बाई दर वेळी जाऊ द्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा, मूळ कागद घरी ठेवून नकला न्या, आणि कचेरीतून निघण्याआधी पुढची तारीख तिथल्या बाबूकडून कागदावर लिहून घ्या.